पोटात सगळं ठीक

प्रिय ताई,

तू आतल्या खोलीत पडली आहेस आणि मी इथे स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहिते आहे, म्हणजे माझं डोकं फिरलंय असंच तू म्हणशील. काय करू? समोर बोलायला आले की तू नुसती भुवई उडवतेस आणि मी पुन्हा आठ वर्षांची होते.

सकाळी नर्सबाईंचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "पोट? एकदम छान. जुलाब? छे हो!" असं गोड आवाजात सांगून तू फोन ठेवलास आणि कुबडी विसरून भिंतीला धरत बाथरूम गाठलंस. चार दिवस हेच चाललंय. आम्हाला सांगतेस, अंगावरचं पुरळ नव्या साबणाचं, पोट बाहेरच्या खाण्यानं बिघडलेलं! बाहेरचं खाल्लंस कधी तू? काल तुझी पोहायची टोपी धुवायला घेतली, तर आत जुलाब थांबवायच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. भावोजींना विचारलं तर म्हणाले, "मला काय विचारतेस? तिलाच विचार." या घरात सगळे तुला घाबरतात, कॅन्सर सोडून.

मांडीच्या हाडातला तो रोग फुप्फुसात पोहोचला, तेव्हा डॉक्टरांनी हे नवं औषध समजावून सांगितलं होतं. आपल्या लढणाऱ्या पेशींना कॅन्सर गप्प बसवतो, औषध त्यांना मोकळं करतं. पण मोकळ्या झाल्या की त्या कधी कधी आपल्याच आतड्यांवर उठतात. म्हणून जुलाब अंगावर काढायचे नाहीत, लगेच कळवायचं. वेळेत कळलं तर आवरता येतं, नाहीतर जिवावर बेततं. तू शहाण्या मुलीसारखी मान डोलावलीस आणि बाहेर येऊन मला म्हणालीस, "शेपूट, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. हे औषध बंद झालं तर माझ्याकडे दुसरं काही नाही." आणि मी मूर्खासारखी कबूल झाले.

तू पोहायला शिकवायचीस तो तलाव आठवतो? पायात गोळा आला तरी मी हात वर केला नव्हता, शर्यतीतून काढशील म्हणून. तू शिट्टी फुंकून मला सगळ्यांदेखत बाहेर काढलंस. "दुखतंय ते लपवणाऱ्याला माझ्या पाण्यात जागा नाही," म्हणालीस. आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते मी. किती मुलांना तू हेच ऐकवलं असशील!

मी मघाशी नर्सबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या गोळ्यांचंही. आजच दाखल करा म्हणाल्या. औषध बंद होईल का, तेही विचारलं. आत्ता थांबवावं लागेल, पुन्हा देता येईल की नाही ते आज सांगता येणार नाही, असं म्हणाल्या. हे तुझ्यासाठी केलं की माझीच घालमेल मला सोसवेना म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तू हात वर करत नव्हतीस, म्हणून मी केला. भावोजी गाडी काढताहेत, बॅग दाराशी आहे. आठवडाभर बोलू नकोस, महिनाभर बोलू नकोस. पण आधी ऊठ आणि गाडीत बस.

तुझीच, तुला कितीही नकोशी झाली तरी,
शेपूट