आत्याचा मेंदू आणि कुंभिवलीचा फणस

कर्जत,
पाडव्यानंतरचा रविवार

तीर्थरूप मोरूदादास,

नवीनचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, वहिनींची शुगर आणि कुंभिवलीला हायवेवरचं तुझं हॉटेल, तिन्हींची काळजी वाटते. इकडे तुझी आई, म्हणजे आमची सुंदराआत्या, खुशाल आहे. आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा बरीच खुशाल आहे, आणि तेच कळवायचं आहे. फोन सोडून पत्र का, ते पुढे कळेल. मग तू रागावशील. मी स्वतःवर आधीच रागावलो आहे, तेव्हा तू थोडं कमी रागावलास तरी भागेल.

भिवपुरी कॉलनीतली ऋतिका मुंबईत मेंदूवर संशोधन करते. ऐकू येणाऱ्या आणि न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे मेंदू आवाजाला काय उत्तर देतात, हे तिला दोन पद्धतींनी ताडून पाहायचं होतं. आत्याला ऐकू येत नसल्यामुळे मी उत्साहाने तिचं नाव दुसऱ्या गटात घातलं. (संमती घेतली होती. कानाशी ओरडून घेतली, ती "बरं" म्हणाली. ओरडून घेतलेली संमती खरी मानावी का, यावर मी डायरीत दोन पानं लिहिली आहेत.)

या पद्धती मला कळल्या त्या अशा. मेंदू म्हणजे लावणी चाललेलं शेत समज. ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून बांधावरून कानोसा घेणं. बायांनी गलका केला की त्याच क्षणी कळतं, पण कुठल्या खाचरातून ते नीट कळत नाही. एमआरआय म्हणजे न्याहारीच्या पाट्या कुठे चालल्यात ते पाहणं. काम जास्त तिथे भाकऱ्या जास्त, तसं मेंदूचा जो भाग राबतो तिथे रक्त जास्त. खाचर बरोबर सापडतं, पण पाटी पोचेपर्यंत गलका होऊन गेलेला असतो. रक्तात औषध टोचून पाहायचीही एक पद्धत आहे. ती आत्यावर करायची नव्हतीच. पण मी ऋतिकाला त्या पद्धतीबद्दल हळूच विचारलं, तेव्हा पलीकडे बसलेल्या आत्याने दंड पदराखाली घेतला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ऋतिका ईईजीचं यंत्र घेऊन घरीच आली. केसांना तेल नको असं बजावलं होतं, तरी आत्या डोकं चोपडून बसलेली. तारा घसरू लागल्या. माझ्या बायकोने, नम्रताने, तिचं डोकं धुतलं, पुन्हा धुतलं. मग कानात टिक, टिक असा आवाज सोडला, कितीतरी वेळ. पडद्यावरच्या रेघा पाहता पाहता ऋतिका थांबली.

"काका, आजींना छान ऐकू येतंय."

मी म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय, एमआरआय कर.

"करते. पण त्यातून मेंदूत कुठे ऐकतात ते कळेल. ऐकतात हे कळलंच आहे."

मी गार पडलो. आत्यासमोरच (सवय!) पुटपुटलो, "म्हणजे फणसाचंही हिला माहीत असणार."

"ठाव हाय की," तारांच्या जाळ्यातून आत्या म्हणाली.

दादा, हॉटेलसमोर गाड्या लावायला जागा करताना तू तिने लावलेला फणस तोडलास. "आईला कळू देऊ नको," असं फोनवर म्हणालास. तो फोन मी स्पीकरवर घेतला होता आणि ती शेजारी लसूण सोलत होती. नंतरचे दोन्ही उन्हाळे तू बाजारातला फणस "आपल्या झाडाचा" म्हणून दारात ठेवून गेलास. ती विचारायची, "झाड कसं हाय?" आपण दोघं ओरडायचो, "मस्त!" मग ती गरा खाऊन म्हणायची, तीच चव. आपण तिला सांभाळतोय असं आपल्याला वाटत होतं.

मी विचारलं, बहिरेपणाचं सोंग कशाला?

"तू रोज सांजंला वही वाचून दाखवायचास रं. किती वाजता उठलास, मनाला काय काय वाटलं. म्हातारीनं किती सोसायचं?"

(नम्रता स्वयंपाकघरात जाऊन हसली. मला ऐकू येतं.) तेव्हा दोष माझ्याकडे येतो. मी डायरी वाचली नसती तर आत्या बहिरी झाली नसती, आणि मी तिच्यादेखत स्पीकर लावला नसता. झाड मात्र तरीही गेलं असतं. निम्मा दोष तुझा धरावा का, ठरत नाही.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले तर मोरू फणस आणल का? अन् फणस नाय, तर येल कशाला?"

यावर तुझ्या वतीने बोलायला हवं होतं का, तेही तूच सांग.

तुझा,
नवीन

ता. क. ऋतिकाने आत्याला ऐकणाऱ्यांच्या गटात घातलं, त्यामुळे शास्त्राचं नुकसान टळलं. ती फाटकाबाहेर पडताच आत्या पुन्हा बहिरी झाली. तुला सांगायचं नाही अशी शपथ तिने मला घातली आहे. (लिहायचं नाही असं म्हणाली नव्हती. ही पळवाट आहे, मला कळतं.) फोन तिच्या खाटेशीच असतो, म्हणून पत्र.

आणखी एक. यंदाही फणस आण. बाजारातलाच आण. पण टेंपो चालू ठेवून दारातून परतू नकोस. हाताला तेल लाव आणि गरे काढायला तिच्याजवळ बस. झाड कसं हाय, असं ती विचारेलच. या खेपेला खरं सांग. धीर होत नसेल, तर एवढंच मनात धर, की तिला काही ऐकू येत नाही.