गाडीला हिव का भरतं, त्याची हकीकत

मेहरूण, जळगाव
९ जानेवारी १९९४

तीर्थरूप अक्का,

तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो. (समक्ष ठेवायला आलो तर तू पाय मागे घेशील अशी भीती आहे. पारोळ्याच्या स्टँडवर माझ्याकडे पाठ करून बसलीस, ती अजून वळलेली नाहीस.) गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? डाव्या डोळ्याचं मुद्दाम विचारत नाही, ते वनामास्तरांनी कार्डात कळवलं. परवा तू भाकरी तव्याच्या शेजारी चुलीत टाकलीस, आणि तवा सरकला म्हणून वर तव्यालाच बोललीस म्हणे. हे पत्रही मास्तरच वाचून दाखवत असतील. मास्तर, नमस्कार. जरा मोठ्याने वाचा, आणि अक्का मध्येच बोलायला लागली तरी थांबू नका.

आता मूळ विषय. गेल्या महिन्यात मी तुला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी फागण्याहून जळगावला आणत होतो. गाडी ऐंशीच्या वेगाने कशी पाण्यासारखी चालली होती, हे तुलाही मान्य करावं लागेल. मुकटीजवळ म्हैस आडवी आली (म्हैस कुणाची होती याची चौकशी मी अजून सोडलेली नाही), मी ब्रेक दाबला आणि गाडीला जे कापरं भरलं, ते तू पाहिलंसच. स्टिअरिंग माझ्या हातात थडथडत होतं, पाय पेडलवर नाचत होता, तुझा पानाचा डबा उघडून चुना माझ्या नव्या सफारीवर आणि कात काचेवर गेला. गाडी थांबली तेव्हा तू एकच वाक्य बोललीस, "अभिमन, तुनी गाडीले हिव भरनं शे, तिले गोधडी पांघर, मी एस्टीमा जास." आणि पारोळ्याला उतरून उलट धुळ्याच्या बसने घरी गेलीस, ते या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही अशी शपथ घेऊनच. डॉक्टरांनी दिलेली तारीख तशीच गेली. बाकी काही असो, ते मला फार लागलं.

तेव्हापासून मी कचेरीत रजा टाकून या हिवाच्या मागे लागलो. गल्लीतल्या प्रत्येक माणसाला गाडीतलं कळतं, फक्त गाडी नाही एकाकडेही. शेजारचे कौतिकनाना भुसावळला रेल्वेत गार्ड होते, चाळीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसले. त्यांनी सांगितलं, गाडी हलकी पडते, मागे वजन टाका. म्हणून दालमिलमधून तूरडाळीचं पोतं आणून मागच्या सीटवर ठेवलं आणि पाळधीच्या रस्त्याला ब्रेक दाबला. गाडी होती तितकीच थरथरली, पोतं मात्र पुढे येऊन फुटलं. अजूनही दार उघडलं की चार दाणे पडतात आणि कचेरीच्या आवारात चिमण्या माझी वाट बघतात. तुझ्या भावजयीने, प्रमिलाने, दृष्टीचा संशय घेऊन पुढे लिंबू-मिरच्या बांधल्या. त्या पहिल्याच ब्रेकला तुटून कुठे पडल्या, कळलं नाही. मग टायरवाल्याने चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं. त्यानंतर गाडी इतकी सरळ चालायची की मला भरून यायचं, पण ब्रेक दाबला की पुन्हा तेच. म्हणजे ब्रेक न दाबता जळगावहून फागण्यापर्यंत येता आलं असतं, तर प्रश्नच मिटला होता.

शेवटी हिलाल मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस बोलत नाही, नुसता बघतो, त्यामुळे आपण काहीतरी केलंय असं वाटत राहतं. त्याने गाडी भुसावळ रोडला काढली, ऐंशीवर नेली, ब्रेक दाबला आणि दोनच गोष्टी सांगितल्या. दाबल्यावरच हलते म्हणजे दोष चाकात नाही, ब्रेकात. स्टिअरिंग हलतं म्हणजे पुढच्या ब्रेकात. (तीन आठवडे आणि एक पोतं डाळ घालवून आम्हाला हे सुचलं नव्हतं.) पुढच्या चाकांच्या आत लोखंडाची एकेक ताटली असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी तिला चिमटा बसतो. हिलालने चाक काढलं, ताटलीजवळ एक खिळा घट्ट बांधला आणि ताटली हाताने फिरवली. फेऱ्यात एकाच जागी खर्र वाजायचं, बाकी गप्प. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन्ही ताटल्या वाकड्या. मग त्याने हात पुसत मला विचारलं, साहेब, ही गाडी जास्त करून जाते कुठे, आणि पोचल्या पोचल्या तिचं काय करतात? मी मोठ्या अभिमानाने सांगायला लागलो, आणि सांगता सांगता कारण माझं मलाच कळलं. ते लिहायला या कागदावर जागा उरली नाही.

असो. दोन्ही ताटल्या नव्या बसवल्या. काल ऐंशीवरून ब्रेक दाबला, गाडी लोण्यासारखी थांबली. कौतिकनाना मागे बसले होते, ते म्हणाले की आपल्या वजनाचाच हा गुण. डॉक्टरांनी १९ तारीख, बुधवार, दिली आहे. संक्रांत आटोपली की सोमवारी तुला न्यायला येतो. शपथ घेणारी तू, तेव्हा मोडायचा हक्कही तुझाच. घरी सर्वांना यथायोग्य.

तुझा धाकटा,
अभिमन

ता. क. जागा निघाली. अक्का, दर शनिवारी मी नव्वदेक किलोमीटर येऊन थेट तुझ्या दारात थांबतो, आणि तू रांजणातल्या गार पाण्याचे दोन तांबे चाकांवर ओतल्याशिवाय मला खाली पाय ठेवू देत नाहीस. मी बोर्डिंगला निघालो तेव्हा आपल्या आबांच्या बैलगाडीच्या चाकावर ओतलंस, तेव्हापासून ओततेस. बैलगाडीचं चाक तापत नाही गं. ही ताटली तव्यासारखी तापलेली असते. तापल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तवा वाकतो, हे तुला मी काय सांगावं! हिलाल ऐकून एवढंच म्हणाला, "गाडीना काही दोष नही." पाणी बंद कर असं म्हणायची माझी छाती नाही. फक्त मागच्या चाकांवर घाल. मागे ताटल्या नाहीत, बंद डबे आहेत, हिलाल म्हणतो ते सोसतील.

ता. क. दुसरा : तुला पुढचं-मागचं चाक ओळखू येणार नाही, हे प्रमिलाने आत्ता लक्षात आणून दिलं. म्हणून मी गल्लीत गाडी उलटी, मागे-मागे घेत आणीन. जे चाक आधी येईल त्यावर घाल. (उलटी घेताना मी आमचं फाटक एकदाच पाडलंय. तू ओट्यावरच उभी राहा.)

ता. क. तिसरा, फक्त मास्तरांसाठी : पाण्याचा मजकूर अक्काला वाचून दाखवू नये. आयुष्यभर तिने जे मायेने केलं त्यानेच गाडी बिघडली असं तिला वाटलं, तर ती कधी तांब्याला हात लावणार नाही, आणि कोरड्या चाकांनी त्या दारात उतरायला मला जमणार नाही. हे पत्राच्या शेवटी लिहितोय, म्हणजे तुम्ही तोवर सगळं वाचून मोकळे झाला असाल. तर मग अक्का, ऐक. सोमवारी तुला वाटेल त्या चाकावर पाणी घाल, ताटल्या पुन्हा लागतील असं हिलालला मी सांगून ठेवलंय. ऑपरेशन झाल्यावर तुला घरी सोडायला येईन, तेव्हा तांब्या घेऊन आधी उतर आणि पुढचं चाक कोणतं, ते तुझ्या डोळ्यांनी बघ.