इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप शिरूरलाच!

६ जानेवारी १९७४, रविवार. सकाळ.

लोक संकल्प एक तारखेला करतात आणि सहा तारखेपर्यंत मोडतात. म्हणून मी मुद्दाम सहा तारखेला करतो आहे. यंदा एकच संकल्प. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप.

निवडुंगाच्या सालीवरच्या रंध्रांवर माझा पीएच.डी.चा अभ्यास गेली सात वर्षं चालू आहे. पुण्याचे गाइड म्हणतात, काम रेंगाळलंय. रेंगाळलेलं नाही. साध्या मायक्रोस्कोपखाली जेवढं दिसायचं तेवढं मी बघून बसलो आहे. पुढचं दिसत नाही हा दोष माझा नाही, सरकारचा आहे.

शिरूर कॉलेजातल्या बॉटनीच्या एका लेक्चररला एवढं मोठं यंत्र कोण देणार, असं प्रिन्सिपॉल म्हणाले. बरोबर. एकट्याला देणार नाहीत. म्हणून 'सामाईक संशोधन केंद्र' मागायचं. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांच्या शास्त्रज्ञांसाठी. सामाईक म्हणजे यंत्र शिरूरला ठेवायचं, दौंडकरांनी येऊन बघायचं.

दुपारी. 'शिरूर-दौंड शास्त्रज्ञ मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष मी, प्रा. हौसराव दसगुडे. सभासद मिळवायचे आहेत.

१३ जानेवारी, रविवार.

सभासद मिळाला. दौंडच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे प्रा. बन्सी ओहोळ. लगेच त्यांना मंडळाचं चिटणीस केलं. माणूस हुशार, पण जीभ तिखट. वडील रेल्वेत होते, थोरले भाऊ शंकरराव लोको शेडमध्ये फिटर. ओहोळ शिकले ते या भावाच्या जिवावर, असं त्यांनीच सांगितलं.

ओहोळांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नको! त्यांना पाणी तपासायचं आहे. दुष्काळात गावोगाव विहिरी खोल नेल्या, नव्या पाडल्या, त्यांचं पाणी कसं आहे ते कुणाला ठाऊक नाही, पुण्याला बाटली पाठवली की उत्तर यायला पीक निघतं, वगैरे. त्यासाठी एक चांगला तराजू, पाण्यातले क्षार मोजायला एक फ्लेम फोटोमीटर आणि काचसामान एवढंच मागू म्हणाले. मी म्हणालो, ओहोळ, स्वप्नं मोठी बघा. तर म्हणाले, "सर, त्या यंत्राला अखंड करंट लागतो. तुमच्या शिरूरला करंट असतो कवा?"

निगेटिव्ह ॲटिट्यूड. तरी मी मन मोठं करून तडजोड केली. निवेदनात कलम एक: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. कलम दोन: ओहोळांच्या बाटल्या. बारीक अक्षरात.

२६ जानेवारी, शनिवार.

झेंडावंदनाला आमदार मारुतराव आले होते. आमचे थोरले बंधू सोपानअण्णा कवठे येमाईला शेती बघतात, सोसायटीचे चेअरमन आहेत. आमदारांशी त्यांचं मेतकूट. अण्णांनी मला पुढं ढकलून सांगितलं, "ह्यो आमचा धाकटा. याला एक दुर्बीण पायजे."

मी जागच्या जागी दुरुस्ती केली. दुर्बीण नव्हे, मायक्रोस्कोप. दुर्बिणीतून लांबचं मोठं दिसतं, यातून जवळचं बारीक. आमदार म्हणाले, "मास्तर, आमाला लांबचंच बघावं लागतं. जवळचं बघायला येळ कुठाय? पण द्या निवेदन. येतो एकदा कॉलेजावर."

काम झालं म्हणायला हरकत नाही. सौ.ला सांगितलं. तिनं विचारलं की ते यंत्र घरात तर आणणार नाही ना.

१० फेब्रुवारी, रविवार.

आमदार आले. ऐतिहासिक दिवस. लॅब सकाळपासून झाडून घेतली होती. निवडुंगाची माझी सर्वोत्तम स्लाइड लावून ठेवली. आमदारांनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "दिसलं. काळं काळं काडीगत. हलतंय बी."

निवडुंग हलत नाही. ती त्यांची पापणी होती. पण दिसण्याचा आनंद तरी झाला ना? तो महत्त्वाचा. तेवढ्यात लाइट गेले. ओहोळ माझ्याकडे बघून हसले. अध्यक्षाकडे बघून चिटणिसानं हसू नये, असा नियम करावा लागेल.

मग ओहोळांनी अंधारातच दोन घमेली मांडली. एकात नळाचं पाणी, एकात कुठल्याशा विहिरीचं. आमदारांच्या हातात साबणाची वडी. एकात फेस आला, दुसऱ्यात साबणाचा नुसता चोथा. आमदार म्हणाले, "आमच्या घरी पन असंच व्हतंय. मालकीण रोज वरडती." आणि ओहोळांशी पाण्यावर बोलत बसले ते चहा गार होईपर्यंत.

याला मी स्वस्त लोकप्रियता म्हणतो. साबण म्हणजे विज्ञान नव्हे.

तरी निष्कर्ष: आमदार प्रभावित. मार्चमध्ये अधिवेशन आहे, मुंबईला या म्हणाले. उपमंत्र्यांशी गाठ घालून देतो म्हणाले. पापणीचा परिणाम झालेला दिसतो.

१९ मार्च, मंगळवार. मुंबईहून परतल्यावर, रात्री.

शिष्टमंडळ: मी आणि ओहोळ. मी कोट घातला होता. ओहोळांनी पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या. मी सांगितलं, इथं बाहेर काढू नका, लोकांना तहान लागलेली असते.

सकाळभर उपमंत्र्यांच्या कचेरीच्या व्हरांड्यात बसलो. साखर कारखान्यावाले आत गेले, बाहेर आले. शाळामास्तरांचं शिष्टमंडळ आत गेलं, बाहेर आलं. बोकडांच्या बाजाराचं एक शिष्टमंडळ होतं, त्यांनाही आधी घेतलं. मी संयम राखला. शास्त्रज्ञाची वेळ शेवटी येते.

उपमंत्री सज्जन वाटले. फार थकलेले होते. म्हणाले पाच मिनिटं. मी विषयाला थेट हात घातला, म्हणजे मायक्रोस्कोपच्या जन्मापासून. हॉलंडमधून निघून जर्मनीपर्यंत आलो तेव्हा पी.ए.नं घड्याळाकडे बघितलं. उपमंत्र्यांनी एकच प्रश्न विचारला. याचा उपयोग कितीक गावांना?

मी तत्काळ म्हणालो, "साहेब, मानवजातीला."

शांतता पसरली. असा जबाब त्या खोलीत पूर्वी कुणी दिला नसावा. त्या शांततेत ओहोळ घुसले. म्हणाले, "भीमेच्या नि घोड नदीच्या काठची गावं, साहेब, आन् वरची कोरडवाहू पण. तान्ही पोरं जे पाणी पितात ते चांगलं का वाईट, एवढंच सांगायचंय लोकांना." आणि एक बाटली टेबलावर ठेवली! माझ्या सूचनेविरुद्ध!

पी.ए.नं काहीतरी लिहून घेतलं. मला उलटं नीट वाचता आलं नाही, पण पहिलं अक्षर 'मा' असावं. मानवजात.

परतीच्या गाडीत ओहोळांना समज दिली. ते म्हणाले, "सर, तुम्ही हॉलंडला उतरला असता तर मला दोन मिनिटं जास्त मिळाली असती." कर्जतपर्यंत बोललो नाही. कर्जतला त्यांनी वडे घेतले. वड्यापुरतं बोललो.

१२ मे, रविवार.

मोठी अडचण. केंद्राची जागा बघायला पुण्याहून सरकारी साहेब येणार, आणि ओहोळांचा पत्ता नाही. पत्राला उत्तर नाही. देशभर रेल्वेचा संप चालू आहे, ठीक आहे, पण ओहोळ रेल्वेत नाहीत. कडक शब्दांत जाब विचारायचं ठरवून एस.टी.नं दौंडला गेलो.

स्टेशनात शुकशुकाट. एक इंजिन धूर नसलेलं उभं. एवढं गप्प दौंड मी कधी पाहिलं नव्हतं.

ओहोळ घरी नव्हते. भाऊ शंकररावांना पोलिसांनी नेलं आहे, त्यांच्या मागं ओहोळ फिरताहेत. शंकररावांच्या पत्नी ताईबाई होत्या. रेल्वेचं क्वार्टर खाली करा म्हणून नोटीस लागलेली. सामान अर्धं बांधलेलं. मुलं ट्रंकेवर बसलेली. तशातही त्यांनी मला बसा म्हटलं, कोरा चहा दिला. म्हणाल्या, "भाऊजी येतील, पर कवा ते न्हाई सांगता यायचं."

जाब विचारायला कुणी नसल्यामुळे मी त्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपबद्दल सांगितलं. सविस्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी होतं. विषयच तसा आहे.

परत निघताना सौ.नं तिच्या दौंडच्या मावशीला द्यायला दिलेली बाजरीच्या पिठाची पिशवी तिथंच राहिली. विसरलो. सौ.ला एस.टी.त राहिली असं सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. पुढच्या खेपेला जास्त पीठ दे म्हणालो, वाटेत विसरायला होतं.

१९ मे, रविवार.

पुण्याचे साहेब आले. ओहोळ नाहीत, म्हणजे निर्णय अध्यक्षाचा. पण दौंडकर नसताना यंत्र परस्पर शिरूरला ठेवणं मनाला बरं वाटेना. म्हणून तटस्थ जागा दाखवली. वडगाव रासाई. भीमेच्या काठी, अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. यापेक्षा सामाईक काय असेल?

साहेबांनी विचारलं, इमारत कुठं? मी मोकळं रान दाखवलं. वीज कुठं? मी पलीकडच्या तीरावरचा खांब दाखवला. पूर आला तर? मी म्हणालो, यंत्र वर उचलून ठेवू. साहेबांनी बूट काढून पाय धुतले आणि जीपमध्ये बसले. जाताना फक्त एवढंच विचारलं की दौंडच्या कॉलेजात रिकामी खोली आहे का. मी स्पष्ट सांगितलं, आहे. एक मोठी आहे, पाण्याची सोयही आहे, पण तिच्यात मायक्रोस्कोप मावणार नाही.

खरं सांगितल्याचं समाधान आहे.

२० जुलै, शनिवार.

विजय! सरकारी पत्र आलं. शिरूर-दौंड सामाईक केंद्र मंजूर!

दुपारी. पत्र पूर्ण वाचलं. 'सामाईक पाणी व माती तपासणी केंद्र, दौंड.' प्रमुख, प्रा. बन्सी ओहोळ. कलम एकबद्दल लिहिलं आहे, 'यथावकाश विचार करण्यात येईल.'

फेटाळलेलं नाही. विचार करण्यात येईल. पण मूळ प्रश्न तत्त्वाचा आहे. मंडळ मी काढलं. निवेदन माझं. बारीक अक्षर सरकारनं वाचलंच कसं? आमदारांकडे गेलो. म्हणाले, "मास्तर, पान्याचं आधी झालं, दुर्बिणीचं पुढं बघू." दुर्बीण!

अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, चांगलं झालं, आमच्या मळ्यातल्या विहिरीची बाटली तूच घेऊन जा. सख्खा भाऊ.

ठरलं. झुकायचं नाही. मंडळाचा राजीनामा. निषेधाचा मसुदा तयार करायला घेतला.

१५ ऑगस्ट, गुरुवार.

दौंडला उद्घाटन. बहिष्कार टाकला. बहिष्कार नीट पडतो आहे की नाही हे बघायला स्वतः गेलो आणि शेवटच्या रांगेत उभा राहिलो. आमदारांनी फीत कापली. ओहोळ बोलायला उठले, म्हणाले की ही कल्पना मूळ शिरूरच्या दसगुडे सरांची. लोक मागं वळून बघायला लागले. मी खांबाआड झालो. बहिष्कारात टाळ्या घेणं बरं दिसत नाही.

शंकरराव तिथं खुर्च्या मांडत होते. सुटून आले आहेत, पण नोकरीवर अजून घेतलेलं नाही. त्यांनी मला ओळखलं. ताईबाईंनी सांगितलं असावं. दोन्ही हातांनी माझा हात धरला. मायक्रोस्कोपचा विषय काढायचं राहून गेलं.

राजीनामा द्यायला वेळ योग्य वाटली नाही.

२५ ऑगस्ट, रविवार.

आज मात्र राजीनामा खिशात घालून गेलो. पान-दीड पान, भाषा ज्वलंत. 'विज्ञानाची ही साबणाच्या पातळीवर झालेली घसरण' असं एक वाक्य फार चांगलं जमलं आहे.

केंद्रासमोर रांग. रॉकेलच्या, औषधाच्या, दारूच्यासुद्धा बाटल्या, सगळ्या पाण्यानं भरलेल्या. ओहोळ एकटे. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलात सर. रॉकेलच्या बाटल्या परत करा, धुतलेली बाटली द्या, आन् गाव, विहीर, मालक लिहून चिठ्ठ्या चिकटवा. माझं अक्षर मलाच लागत नाही." आणि डिंकाची बाटली पुढं सारली.

मी म्हणालो, मी एका महत्त्वाच्या कामासाठी आलो आहे. ते म्हणाले, "व्हय व्हय, हे झालं की बोलू."

वडगाव रासाईच्या दगडाबाई म्हणून एक म्हातारी मागच्या रविवारी बाटली देऊन गेली होती, उत्तराला आली होती. कडेवर नातू. मी कोट घातला होता म्हणून तिनं मलाच मोठा साहेब समजलं. बरोबरच समजलं. विचारलं, "ह्ये पानी लेकराला पाजू का न्हाई?" ओहोळांनी आतून कागद दिला. नायट्रेट जास्त, तान्ह्या मुलांना नको. मी वाचून सांगितलं. म्हणालो, उकळलं तरी नको. तिनं विचारलं, मग कंचं पाजू? तिच्या भावकीतल्या वरच्या विहिरीचा कागद मी शोधून काढला. ते चांगलं होतं. ते पाजा म्हणालो. ती म्हणाली, त्यांच्याशी आमचं बोलणं न्हाई. मी म्हणालो, आजी, बोला.

तिनं नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "बोलते. साहेब म्हंत्यात तर बोलते." आणि गेली.

सात वर्षांत निवडुंगाबद्दल मला कुणी काही विचारलेलं नाही.

एस.टी. चुकली. शंकररावांनी सायकलवरून पुढच्या फाट्यावर सोडलं. राजीनामा खिशातच आहे, डिंकानं चिकटला आहे, आता उघडत नाही. पुन्हा लिहावा लागेल.

ओहोळ पुढच्या रविवारी येताय ना म्हणाले. येतो म्हणालो. पण स्पष्ट केलं की निव्वळ निषेध म्हणून.