मामांच्या बेटावर मी जात नाही

६ जानेवारी, शारजा

ते बेट नकाशावर सापडेना. अंशने आयपॅडवर दोन बोटांनी ताणून ताणून मोठं केलं तेव्हा कुठे निळ्यात एक ठिपका दिसला. “दॅट्स इट? आजोबाज् कंट्री?” मी म्हणालो, बेटच आहे रे ते. मामा पेपरातून डोकं वर न काढता — “बेट नाही. सार्वभौम राष्ट्र.”

अण्णासाहेब मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. सगळी नोकरी परराष्ट्र खात्यात. आता त्या राष्ट्रात भारताचे राजदूत म्हणून चाललेत, रिटायर व्हायच्या आधीचं शेवटचं पोस्टिंग. वाटेत आठ दिवस लेकीकडे, अंतराताईकडे, दुबईच्या ‘बर दुबई’ भागात उतरलेत. मामी बरोबर. अंश ताईचा मुलगा. मलाही रोज बोलावणं. शारजाहून ट्रॅफिकमध्ये जीव जातो, पण ताईकडे जेवण असतं. माझ्या बेडस्पेसमध्ये, म्हणजे भाड्याच्या कॉटवर, मॅगी.

७ जानेवारी

कंटाळा. समुद्रकाठी कॉर्निशवर एकजण पतंग उडवत होता. बघत बसलो. ताईकडे गेलोच नाही.

८ जानेवारी

गुणवंतशेठकडे गेलो. मीना बाजारच्या मागं त्यांचं वडापावचं किचन. महिनाभर ‘ट्रायल’ म्हणून मी तिथं वडे तळले. व्हिसाचं विचारलं तर — “बघू, इन्शाल्ला.” इन्शाल्ला दोन प्रकारचं असतं. हे दुसऱ्या प्रकारचं. माझा व्हिजिट व्हिसा महिनाअखेरीस खलास. मग परत कराड.

येताना खाडीवर थांबलो. एका लाकडी जहाजात माल चढत होता — फ्रिज, टायर, गाद्या, एक पिवळी सायकल. खलाशी कच्छी निघाला. किधर? म्हटलं. “सोमालिया.” असं म्हणाला जसं काही पलीकडच्या गल्लीत. जावं तर असं. टायरवर बसून.

९ जानेवारी

मामांनी समोर बसवलं. राजदूताला घरकामाला एक माणूस सरकारी खर्चानं नेता येतो म्हणे. तिकीट, पगार, राहणं, सगळं. “घरचाच असला की बरं. तुझ्या हाताला चव आहे. दिल्लीला जाऊन कागद कर आणि मागून ये.”

कागदावर काय लिहिणार? विचारलं.

“घरगुती सहायक. अरे, कागदावर काहीतरी लिहावंच लागतं.”

आणि पासपोर्ट?

“माझ्याकडे राहील. तू हरवशील.”

मामांचं एक चामड्याचं पाऊच आहे. त्यात घरातले सगळे पासपोर्ट. मामींचा पण.

हरवीनही. माझाच आहे ना!

तेवढ्यात आईचा फोन. “मामाला नाही म्हणू नकोस. सोनं होईल.” म्हणजे कराडपर्यंत ठरून झालंय. मला विचारायचं तेवढं राहिलं.

१० जानेवारी

खोटं कशाला लिहू — रात्रभर ते बेट डोक्यात होतं. चारी बाजूंनी समुद्र. फुकट विमान. व्हिसाची कटकट नाही. मामांनी नुसतं ‘येतोस का’ विचारलं असतं तर कदाचित गेलोही असतो.

दुपारी मामींना कांदा चिरू लागलो. त्यांचं हे तिसरं बेट. “मागच्या बेटावर आपला देश म्हणजे हत्ती,” म्हणाल्या. “आपल्या गाडीवर झेंडा, रस्ता मोकळा. आणि तिथलं अख्खं मंत्रिमंडळ माझ्या जेवणाच्या टेबलावर मावायचं. पंतप्रधानांना माझे वडे आवडायचे. दर महिन्याला यायचे. पोर्टचा करार झाला तो वडे खाऊनच.”

मग पेपरात तुमचं नाव आलं असेल, मी म्हटलं.

“वड्यांचं पण नाही आलं,” म्हणाल्या, आणि मोठ्यानं हसल्या. मग विचारलं, “त्या अब्र्यात बसलायस तू? खाडीपलीकडे जातात त्या होड्या. चार वेळा दुबईतून गेले, चारही वेळा गाडीच्या काचेतून बघितल्या.”

१२ जानेवारी

झालं ते लिहून टाकतो.

ताईकडे पार्टी. अबुधाबीहून मामांचे जुने ओळखीचे, सगळे कोट घालून. वडे मी तळले. ट्रे घेऊन बाहेर आलो तर मामांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. “हा आमचा संग्राम. बरोबर येतोय. किचन सांभाळेल.” एक कोटवाले म्हणाले, “वा, सर, बरं झालं, आजकाल माणसं मिळत नाहीत.”

माणसं मिळत नाहीत. माझ्या हातात त्यांचाच वडा होता.

मी म्हटलं, “मी येत नाहीये मामा. मला कुणी विचारलेलं नाही, आणि विचारलं तरी नाही.”

मोठ्यानं म्हटलं नाही. पण ऐकू गेलं सगळ्यांना. अंश म्हणाला, “बट व्हाय?” ताईनं त्याला आत नेलं. मामा हसल्यासारखं करून क्रिकेटवर गेले. मी ट्रे सगळ्यांपुढे फिरवला. शेवटपर्यंत फिरवला. वडे चांगले झाले होते.

१३ जानेवारी

मामांचा फोन. “वणवण करशील. व्हिसा नाही, डिग्री नाही, चार लोकांत माझी शोभा केलीस.” मी म्हटलं, वणवण तर वणवण. ठेवला त्यांनी. आईनं तर उचललाच नाही.

संध्याकाळी ताईकडे गेलो. मुद्दाम. तोंड लपवायला मी काही केलेलं नाही. मामी बॅगा भरत होत्या. दार लोटलं आणि हळूच विचारलं —

“नाही म्हटल्यावर काय होतं रे? म्हणजे लगेच काय होतं?”

काही नाही. एसी चालू होता. लोकांनी वडे खाल्ले.

“एवढंच?”

एवढंच.

त्यांनी हातातली साडी पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. बॅगेत मात्र ठेवली नाही. मला वाटलं, बसत नसेल.

१४ जानेवारी

एअरपोर्टवर बॅगा उचलायला गेलो होतो. तेवढं करतो, मामा आहेत. बॅगा नेहमीपेक्षा कमी होत्या. काउंटरपाशी मामांनी पासपोर्टचं पाऊच उघडलं. मामींनी हात पुढे केला. “अहो, माझा द्या.” घेतला, आपल्या पर्समध्ये टाकला, चेन लावली. मग मामांच्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाल्या, “पोचलात की फोन करा.” माझ्याकडे वळल्या — “यल्ला, चल संग्राम. कुठून सुटतो तो अब्रा?”