नसीमचा फोन

२६ जून २००४
सकाळी सहालाच ४१. दुपारी ४९. दोन नंबरच्या जनरेटरचा फिल्टर आज तिसऱ्यांदा झाडला. सर्व्हेचे मोजणीवाले पहाटे गेले, दहाच्या आत परत. पूर्वेची वाळूची टेकडी पुन्हा सरकली म्हणे. सरकू दे. मला फक्त १० जुलै दिसतोय. त्या दिवशी सप्लायची गाडी येणार आणि परत जाताना मी तिच्यात. सतरा महिने झाले. बारकी २४ जुलैला वर्षाची होईल, अजून बघितलेली नाही.
सौदीच्या या वाळवंटात डांबरी रस्ता इथून अकरा तास. माणूस त्याच्याही पुढे.

२ जुलै, शुक्रवार
फोन-वार. प्रत्येकाला पाच मिनिटं. सॅटेलाइट फोन माझ्या खोलीत चार्ज होतो, म्हणून जबाबदारी माझी. घरी बायकोने, सुनीताने, बारकीच्या कानाला फोन लावला. नुसता श्वास ऐकू आला. पाचपैकी दोन मिनिटं त्यात गेली, पण चालेल.
आमचे कुक इब्राहिमचाचा, हर्णैचे. सात जणांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यांची मुलगी नसीम दहावी पास, फर्स्ट क्लास. फोन ठेवून सरळ किचनमध्ये गेले आणि सगळ्यांना शिरा केला. मला दोनदा वाढला. "आता सायन्सला घालतंय तिला," म्हणाले. मग त्या गरमीत तासभर नसीमच. चार वर्षांपूर्वी शेवटचं बघितलं तेव्हा केवढी होती, ते हाताने दाखवत होते.

६ जुलै
लिहू की नको.
अकराला फोन वाजला. चाचांचा मेव्हणा कासम, रत्नागिरीच्या हॉस्पिटलातून. नसीमला चार दिवस ताप, मेंदूत गेलाय. शुद्धीत आहे पण डॉक्टर म्हणाले बापाला बोलवा. चाचा तेव्हा मागच्या कंटेनरमध्ये पीठ काढत होते. बोलावतो म्हटलं आणि ठेवला. बाहेरचा निरोप आधी स्टेशनच्या साहेबांना सांगायचा नियम आहे, म्हणून मॅथ्यूसाहेबांकडे गेलो. नियमासाठीच गेलो. तेव्हा तरी.
साहेबांनी कॉम्प्युटरवर सुट्ट्यांची यादी उघडली. मग हिंदीत म्हणाले, सातांतला एकच जण सुट्टीवर जाऊ शकतो. सहाच्या खाली गेलो तर स्टेशन बंद करावं लागेल, ते मी करणार नाही. तू सांग त्याला. तुझी जागा त्याची. नाही सांगितलंस तर मला काही माहीत नाही.
पुढची गाडी ऑगस्टच्या शेवटी.
दुपारी जेवायला बसलो. चाचांनी विचारलं, सकाळी फोन कसला वाजला? ऑफिसचा, म्हटलं. किती सहज म्हटलं.

७ जुलै
सांगितलं नाही. तापच आहे. ताप उतरतो. मलाही लहानपणी डोक्यात ताप गेला होता, आई सांगते. मग चाचांना उगाच...
चाचांनी सुका बांगडा भाजून फक्त मला दिला. खाल्ला.

८ जुलै
कासमचा फोन पुन्हा. भावजींना सांगितलंत ना? हो म्हटलं. मग बोलत का नाहीत? म्हटलं, रडतात, बोलवत नाही त्यांना. मग तिकडे नसीमला खोटंच म्हणाला, हे बघ, आलेत तुझे अब्बा, बोल. आणि मी नको म्हणायच्या आत फोन तिच्या हातात.
"अब्बा?"
ती म्हणाली, माझे केस कापले त्यांनी. मग म्हणाली, "तुम्ही येतास ना?"
मी आवाज जाड केला. "होय. येतंय."
ती म्हणाली, बरं.
पलीकडे किचनमध्ये चाचा कांदा चिरत होते. मधे एक पत्र्याची भिंत. कांद्याचा वास माझ्या खोलीत येत होता.

९ जुलै, शुक्रवार
आज चाचांनी घरी फोन लावला असता. म्हणून सकाळीच अँटेनाची वायर आतून काढून ठेवली. फोन बिघडला म्हणून सगळ्यांना सांगितलं. सर्व्हेवाला जावेद मला शिव्या देऊन गेला. बाकीचे नुसते गेले. मॅथ्यूसाहेबांनी फोन हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, परत ठेवला.
चाचा थांबले. मला वाटलं ओळखलं. ते म्हणाले, माझं काय, माझी पोर मोठी झालीय, कळतं तिला. तुझ्या बारकीचा आवाज राहिला. आणि पाठीवर हात ठेवला.

१० जुलै
गाडी आली नाही. वादळ. निघालेली गाडी वाटेतल्या विहिरीपाशीच थांबलीय. ऑफिसला रोज एक वाजता द्यायच्या रिपोर्टसाठी वायर जोडली, रिपोर्ट झाल्यावर काढली.

११ जुलै
रिपोर्टच्या वेळी कासम मधे घुसला. दोन दिवस लावतोय म्हणाला. नसीम शुक्रवारी गेली. शुक्रवारीच दफन केलं. त्याचा आवाज अगदी कोरडा. म्हणाला, "भावजींना सांगा, आम्ही त्यांना फोन करणार नाही. पोरीशी एक शब्द बोलवला नाही त्यांना."
मी म्हणायला हवं होतं, बोलवलं नाही असं नाही, मीच... फोन ठेवला होता त्याने.
साहेबांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. म्हणाले, आता घाई काय आहे.

१३ जुलै
गाडी अजून विहिरीपाशी. म्हणजे सांगितलं असतं तरी चाचा पोचले नसते. काही केलं तरी नसते पोचले. सकाळपासून तीनदा स्वतःला सांगितलं.
पण बोलले असते.
संध्याकाळी चाचा विचारत होते सायन्सला फी किती पडेल. मी म्हटलं, माहीत नाही.
भूक लागते मला. हेच मला कळत नाही. सगळं जेवतो.

१६ जुलै, शुक्रवार
गाडी आली. उद्या पहाटे निघायचं. साहेबांकडे गेलो, म्हटलं चाचांना पाठवा, मी थांबतो. साहेब म्हणाले, कुठे पाठवू? कबरीवर? आता तू थांबून कोणाचं काय होणार? जा, तुझी मुलगी आहे. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. एकदाच म्हटलं. हेही लिहून ठेवतो.
मग त्यांनी विचारलं, फोन कोणाकडे देऊ? तेच म्हणाले, कुककडे देतो, तो कायम कॅम्पात असतो.
फोन-वार टळल्यावर, रात्री उशिरा मी वायर नीट जोडून दिली. चाचांना चार्जिंग कसं करायचं ते दाखवलं. चष्मा लावून एकेक बटण विचारून घेतलं त्यांनी.

१७ जुलै
गाडीत. पहिला थांबा. अक्षर हलतंय.
निघताना चाचांनी पुडकं दिलं. हिरवा ड्रेस, वर पेनांचा सेट. हर्णैला स्वतः जा, पोस्टाने नको, म्हणाले. नसीमच्या हातात दे. "आणि तिला बघून मला फोन कर. केवढी झालीय सांग."
गाडी सुरू होती. दार उघडं होतं. मी म्हटलं, चाचा. ते म्हणाले, काय? ड्रायव्हरने यल्ला, चला म्हटलं.
दार मीच ओढलं.

१९ जुलै, सोमवार
रियाध. बत्हा बाजारातलं फोनचं दुकान, केबिन नंबर चार. विमान संध्याकाळी. पुडकं मांडीवर.
नंतर दुसऱ्या कुणी कळवण्यापेक्षा मीच सांगावं म्हणून आलोय. काय सांगायचं ते मागच्या पानावर लिहिलं होतं, खोडलं. नसीम गेली एवढंच सांगायचं, की मला अब्बा समजून ती "बरं" म्हणाली तेही. हे दुसरं सांगितलं नाही तर कासम तरी सांगेलच कधीतरी. किंवा नाही सांगणार, आणि मग ते आम्हा दोघांमधे कायमचं...
साडेदहाला लावला. बिझी. पावणेअकराला, बिझी. आत्ता अकरा वाजून पाच मिनिटं. अजून बिझी.
आज फोन-वार नाही. ऑफिसचा रिपोर्ट एक वाजता असतो. फोन चाचांजवळ आहे आणि पस्तीस मिनिटं ते कोणाशी तरी बोलतायत.
काचेवर टकटक करून बाहेरचा माणूस विचारतोय, झालं का. हाताने थांब म्हटलं. पुन्हा नंबर दाबतोय.