कुलपातला शेवट

मी, खाली सही करणारा, वय शेहेचाळीस, शिक्षण पदवीपर्यंत, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र पुढच्या खोलीतल्या पलंगावर उशीला टेकून माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर दिला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट गेले काही आठवडे घरातली माणसे माझे इतके ऐकतात की मलाच संकोच वाटतो. मी हे 'राजीखुशीने' लिहीत आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यातले राजी खरे आहे, म्हणून तेवढेच लिहितो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणत्याही गोष्टीचा शेवटचा भाग शेवटीच हातात घ्यायचा, या सवयीमुळे ते राहून गेले.

कलम १. आमचे दोन खोल्यांचे घर माझ्या व माझ्या पत्नीच्या कमाईतून घेतलेले आहे. त्यातला माझा हिस्सा मी माझ्या पत्नीस देतो. न्हाणीघराच्या भिंतीला जी ओल आहे, ती आमच्या नळाची आहे असे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ सांगत येतील. ती त्यांच्या नळाची आहे. मी गिलावा खरवडून पाहिला आहे. या कारणावरून भांडण वाढवू नये, असे लिहिणार होतो; पण वाढवायचे असल्यास पत्नीने खुशाल वाढवावे. भांडून झाल्यावर तिला भूक चांगली लागते.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नीची. माझे घड्याळ आणि वडिलांचे लिहिण्याचे मेज माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे. माझे कॉलेज पुरे व्हावे म्हणून ताईने आपले सोडले होते आणि हे तिने मला एकदाही ऐकवले नाही, त्यामुळे ते फेडताही आले नाही. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी तिलाच नेमतो. काल ती शेजारी बसली होती.

"एवढं काय लिहितोयस रे?"

"दुकानाचं काहीतरी."

"तू खोटं बोललास की अजून कान हलतात तुझे," ती म्हणाली आणि पाठीमागची उशी सरळ करून दिली. पुढे विचारले नाही. अशी माणसे व्यवस्थापक म्हणून चांगली.

कलम ३. दुकानातले कापायचे यंत्र, दाबाचा शिकंजा, दाभणे, सुया, दोरा, कापडाचे तागे आणि दुकानाची भाडेपट्टी हे सर्व आमच्या कारागिराचे. त्यांना सगळे मामा म्हणतात. माझ्याआधी दुकानात ते आले आणि माझ्यानंतरही राहतील, तेव्हा मी देतो आहे असे म्हणणे जरा धाडसाचेच आहे. अपवाद कागद दुमडायच्या हाडाच्या पट्टीचा. ती पत्नीची. घरात त्या पट्टीचा काही उपयोग नाही, फक्त हातात धरायला बरी वाटते.

समोरचा छापखानेवाला गिऱ्हाइकांना सांगत असे की मी नुसती खळ लावतो आणि पैसे शिलाईचे घेतो. त्याला मी माझ्या हातचे एक जाड पुस्तक देतो. कोणते ते मामांनी निवडावे. त्याने ते मधोमध धरून फाडून बघावे. फाटले तर त्याचे म्हणणे खरे. या कलमावर मी दोन दिवस विचार केला. मरताना माणसाने असे मनात ठेवू नये हे कळते. तरी कलम राहू द्यावे असे ठरवले.

कलम ४. दुकानातल्या माझ्या टेबलाच्या डाव्या खणाविषयी. हा खण, त्याचे कुलूप आणि आतले सर्व मी पत्नीस देतो. कारण सांगायला थोडे मागे जावे लागेल.

आम्ही एका कॉलेजात होतो. मी तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती वाचनालयातल्या कपाटापाशी उभी राहून एका कादंबरीचे शेवटचे पान वाचत होती. मी विचारले, "तुम्ही उलटं वाचता का?"

"शेवट वाईट असला तर उगाच जीव कशाला लावायचा?"

"आणि चांगला असला तर?"

"मग निवांत वाचते."

तेव्हापासून मी तिला उतावळी म्हणत आलो आणि ती मला गोगलगाय. लग्न झाल्यावर संध्याकाळी ती मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायचो. दिवसभर पुस्तके हाताळून माझे डोळे शिणलेले असत आणि तिचा आवाज चांगला आहे. पण दोन दिवसांत तिने शेवट पाहिलेला असे आणि ती बोलली नाही तरी मला कळत असे. ज्याला पुढे मरायचे असे, त्याची वाक्ये ती सांभाळून, हळू आवाजात वाचायची. तो माणूस कितीही पाजी असो, त्याच्याशी ती प्रेमाने वागू लागली की मी समजायचो, हा गेला.

मला ते सोसेना. म्हणून मी नवी कादंबरी आणली की शिलाई उसवून तिचे दोन भाग करू लागलो. पहिला भाग घरी, शेवटचा त्या खणात कुलपात. पहिला संपला की दुसरा घरी यायचा. तिने कपडे धुण्याच्या निमित्ताने माझे खिसे तपासले. एकदा दुकानात येऊन मामांना गाठले.

"मामा, नुसतं सांगा हो, ती जगते ना शेवटी?"

"बाई, मी पुस्तकं शिवतो. वाचायचं काम तुमचं."

घरी आल्यावर तिने मला सुनावले, "जेलर आहेस तू. गोगलगाय नाहीस." आम्ही खूप हसलो होतो. हल्ली मात्र मला वाटते की तिला मनाची तयारी करायला शेवट लागत असेल, आणि मी ती तयारीच कुलपात ठेवत होतो. मी स्वतः शेवट पाहत नसे ते पुस्तकावरच्या प्रेमापोटी, असे मी माझ्या रोजनिशीत अनेकदा लिहिले आहे. भीतीपोटी असेल ही शक्यता तिथे लिहिलेली नाही. ती इथे नोंदवतो.

कलम ५. चालू पुस्तकाविषयी. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही याची मला जाणीव आहे.

दवाखान्यात जाण्याआधी मी शेवटचे बांधलेले पुस्तक म्हणजे एक जाडजूड कादंबरी. नदीच्या मुखाशी राहणारे एक भाऊ आणि बहीण. घरावरून दोघांचे बिनसते आणि भाऊ रागाने जहाजावर नोकरी धरून निघून जातो. बहीण दार उघडे ठेवून राहते. नेहमीप्रमाणे मी दोन भाग केले. मी घरी परतल्यावर आम्ही पहिला भाग सुरू केला.

त्यानंतर एका सकाळी डॉक्टर तपासण्यांचे कागद घेऊन घरी आले. म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" मी म्हणालो, "नाही. जसं येईल तसं." पत्नी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली. परत आली तेव्हा तिने तोंड धुतलेले होते आणि माझ्या पुढ्यातला चहा गार झाला होता.

"दुसरा करून देते," ती म्हणाली.

एरवी ती म्हणाली असती, समोर ठेवलेला चहा पीत नाहीस, आता तसाच पी. मी तिच्या आवाजाकडे लक्ष दिले. सांभाळून, हळू. दुसऱ्या दिवशी तिने मामांना काहीतरी हवे आहे म्हणून दुकानाच्या किल्ल्या मागितल्या. मी सगळा जुडगा दिला.

मग एका संध्याकाळी वाचताना तो भाऊ घरात टेबलाशी बसून बहिणीशी बोलू लागला. आदल्या संध्याकाळी तो जहाजात चढला होता.

"हा कधी परत आला?"

"मघाशी. तुझा डोळा लागला होता."

"लागला असेल."

"पुढे वाचू ना?"

"वाच."

माझा डोळा लागला नव्हता. तिने भाग मिटून स्टुलावर ठेवला तेव्हा मी कडेने पाहिले. पुस्तकाची किती जाडी झाली आणि किती उरली हे ओळखण्यात माझे आयुष्य गेले. सबंध समुद्रप्रवास गेला होता. परक्या बंदरातली वर्षे गेली होती. दोन दिवसांत पहिला भाग संपला आणि ती म्हणाली, "दुसरा मी आणून ठेवलाय."

उतावळी शेवट आधी पाहते, पण तिने आजवर एक ओळ कधी गाळली नव्हती. कंटाळवाणी वर्णनेसुद्धा नाही. म्हणजे तिला कुठे तरी पोचायची घाई होती. खण उघडून तिने पुस्तकाचा शेवट पाहिला होता आणि फाटकापाशी उभे राहून दुसरा एक शेवट ऐकला होता. आता ती दोन्हींची सांगड घालत होती. पुस्तक आपल्याकडून अर्धे राहू नये एवढीच तिची धडपड. तेवढ्यावरून मला जे विचारायचे नव्हते ते कळले.

परवा ती औषध आणायला गेली असताना दुसरा भाग स्टुलावर राहिला. मी तो हातात घेतला. मागचा पुठ्ठा उचलला. एक पान उलटायचे होते. भावंडांचे पुन्हा जुळते का हे कळले असते, आणि जुळत असेल तर मी तिला म्हणू शकलो असतो, पळू नकोस, मला ठाऊक आहे. मला खरोखर फार मोह झाला. पुठ्ठा मिटला तो तत्त्वासाठी नव्हे. शेवट कळल्यावर संध्याकाळी ऐकताना मी तोंड कसे ठेवणार, असा प्रश्न पडला. मला तेवढे जमणार नव्हते. तिने ते एवढी वर्षे जमवले होते, आणि मी त्याला उतावळेपणा म्हणत होतो.

अजून पुस्तक संपलेले नाही. रोज थोडे गाळत ती वाचते आणि मी ऐकतो. मला कळले आहे हे मी तिला सांगितलेले नाही. ते ओझे माझ्यापासून लांब ठेवण्यात सध्या तिचा दिवस जातो. सांगितले तर तिच्या हातात काय उरेल, आणि न सांगितले तर ती एकटीच किती दिवस धरून ठेवेल, या दोन्हींमध्ये मी अडकलो आहे. तोंडाने सांगायला जमत नाही म्हणून लिहिण्याचा मार्ग धरला.

कलम ६. माझ्या रोजनिशीच्या वह्या पत्नीच्या. त्यांत दडलेले काही नाही. हवा, खळीचा घट्टपणा, काय वाचले, कोण काय म्हणाले. ती शेवटची वही आधी घेईल. घ्यावी. मी आता त्याला हरकत घेत नाही.

कलम ७, शेवटचे. हे मृत्युपत्र मी मामांच्या हाती दुकानात पाठवून डाव्या खणात ठेवायला सांगणार आहे. त्या खणाची किल्ली माझ्या पत्नीकडे आहे हे मला माहीत आहे; मामा ती तिच्याकडूनच मागून नेतील, आणि खणात काय ठेवले हे पाहिल्याशिवाय तिला राहवणार नाही. म्हणून हे कलम तिला उद्देशून लिहितो. ती वाचायला सुरुवात इथूनच करेल.

उतावळे, मी गेल्यावर हे वाचत असशील, तर भाऊ जहाजात चढतो तिथपासून तो टेबलाशी येऊन बसतो तिथपर्यंतची आणि त्यापुढे जिथे जिथे गाळलीस ती सगळी पाने मी तुला देतो. ती मी ऐकलेली नाहीत. पुढच्या खोलीत बसून मोठ्याने वाच. मी मध्ये काही विचारणार नाही. घाई करू नकोस, पुढचे सगळे तुला ठाऊकच आहे.

पण मला वाटते, तू हे मी असतानाच वाचते आहेस. तसे असेल तर बरे झाले. तू फाटकापाशी काय ऐकलेस ते मला कळले आहे. कसे कळले ते वर पाचव्या कलमात आहे, पण ते नंतर वाच. आता तोंड धुऊन येऊ नकोस. कागद खणात ठेव, कुलूप लावले नाहीस तरी चालेल, आणि घरी ये. आल्यावर पहिला भाग काढ, जहाजाचे पान उघड आणि तिथून वाच. चहा गार झाला तर मला बोल. पुस्तक अर्धे राहिले तर राहू दे. मला समुद्र ऐकायचा आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केले.

(सही) पुस्तक बांधणारा

साक्षीदार : १. (सही) आमचे डॉक्टर. २. (सही) शेजारचे चष्मेवाले.

दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही. मजकूर त्यांनी वाचलेला नाही. त्यांनी फक्त शेवटचे पान पाहिले, आणि त्याचाही वरचा भाग मी हाताने झाकून धरला होता. चष्मेवाल्यांनी विचारले, "झाकता कशाला?" मी म्हणालो, "हे आधी एकीला वाचायचं आहे."  सही करून डॉक्टरांनी पेनचे टोपण लावायला बराच वेळ घेतला.

ठिकाण : आमच्या घराची पुढची खोली, खिडकीकडची बाजू.
दिनांक : आजचा, डॉक्टरांनी आपल्या अक्षरात सहीशेजारी भरला आहे. ती औषध घेऊन येण्याआधी.