कापसाने पुसलेली सीडी

१७ नोव्हेंबर २००६

सकाळपासून गेलेली लाइन चारला आली. चहा तसाच ठेवून आधी सीडी लावली. मनूच्या लग्नाच्या तीन सीड्या आहेत. आम्ही बघतो ती मधलीच.

संपली की ह्यांना ती हातात लागते. पोळ्याच्या सुमारास झटका आला, तेव्हापासून उजवा हात मांडीवर नुसता पडलेला आणि तोंडातून "हं" सोडून काही नाही. डावा हात चांगला आहे. सीडी मांडीवर घेतात, चिमूटभर कापूस घेतात आणि पुसत बसतात. गोल गोल, आपण ताट पुसतो तसं. मग उजेडात धरतात. पुन्हा पुसतात.

कापसाला तोटा नाही. बटईने दिलेल्या शेतातला आमचा वाटा समोरच्या खोलीत छताला टेकला आहे. सरकारी खरेदी सुरू व्हायचं नाव नाही. घरभर खाज.

तीस वर्षं खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बैलबंडीत हात घालून मूठभर कापूस ओढायचे, धागा ताणून बघायचे, आणि माणसं श्वास धरून ह्यांच्या तोंडाकडे बघत उभी असायची. त्या बोटांना आता हे काम मिळालं. बरं वाटलं बघून.

२१ नोव्हेंबर

आज दोनदा बघितली. म्हणजे ती जागा दोनदा.

पाठवणीच्या आधीचा फोटो. मांडवात गलका. हे मनूजवळ उभे, मी मागे कुठेतरी पाहुण्यांच्या पिशव्या सांभाळत. हे मान वळवून हाक मारतात, "शालिनी, तूही ये ना इकडे."

शालिनी म्हणजे मी. लग्नाआधीची. अमरावतीला मिशनच्या शाळेत सिस्टर हजेरी घ्यायच्या, तेव्हाची. इथे आले त्या दिवशी सासूबाईंनी तांदळाचं ताट पुढे केलं आणि ह्यांनीच अंगठीने त्यात 'सुलभा' लिहिलं. पुढे तेही नाव कुणी फारसं घेतलं नाही. अगं, वहिनी, काकू, मनूची आई.

आणि त्या दिवशी भर मांडवात हे. गलक्यात मला ऐकूच आलं नव्हतं. मनूने हाताला धरून ओढत नेलं फोटोत. सीडी आली तेव्हा कळलं. मनू म्हणाली, आई, शालिनी कोण गं? मी म्हटलं, असेल पाहुण्यांतली कुणी.

ह्यांना निवांत विचारू, निवांत विचारू म्हणत राहिले. आणि मग पोळा.

२ डिसेंबर

अडकली. आधी चित्राचे चौकोन चौकोन झाले. मनूचा चेहरा एकीकडे, मुंडावळ्या दुसरीकडे. मग पुढे सरकली. नाव आलं, पण तुटक.

दुपारी खिडकीतल्या उन्हात धरून बघितली. वर्तुळंच वर्तुळं, केसासारखी बारीक. ह्यांनी टाकलेला कापूस उलगडला. पत्तीचा चुरा, मातीचे कण. शेतातून थेट घरात आलेला कापूस, तो काय साफ असणार.

शाळेत ग्रामोफोन होता. त्याच्या तबकडीला हात लावायची परवानगी मुलींमध्ये मला एकटीला, कारण मी ती दोन तळव्यांत कडेने धरायचे. बोट लागलं की तिथलं गाणं गेलं, असं सिस्टर म्हणायच्या. तेव्हा किती जपून चालायचे मी ती घेऊन, वर्गाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि इथे रोज समोर बसून ह्यांचं पुसणं बघत होते. कौतुकाने.

४ डिसेंबर

जुनं उपरणं फाडून मऊ फडकं केलं. मधून कडेकडे असं सरळ पुसायचं, गोल नाही, तेही करून दाखवलं. ह्यांनी फडकं बाजूला ठेवलं. हात पुढे केला, कापूस दे म्हणून. मी उठले नाही.

सुभद्रा भांडी घासून आत आली होती. म्हणाली, "कायले अडवून राह्यल्या बाई त्यायले? तेवढंच तं काम हाय." आणि तिनेच ढिगातला कापूस आणून हातावर ठेवला. ह्यांनी तो अंगठ्याने दाबला आणि तिच्याकडे बघून मान हलवली, केंद्रावर बंडीवाल्याकडे बघून हलवायचे तशी.

"पाहा," ती हसली, "माल पास झाला."

ह्यांच्याही ओठाच्या एका कोपऱ्यात हसू. कितीतरी दिवसांनी.

खरं सांगितलं तर तो हात रिकामा. नाही सांगितलं तर माझं नाव…

९ डिसेंबर

जीपने यवतमाळ. सीडी दोन पुठ्ठ्यांत घालून मांडीवर. ज्याने लग्नाचं शूटिंग केलं त्या स्टुडिओवाल्याला मूळ कॅसेट मागितली.

"काकू, थे तं पुढच्याच सीझनले दुसऱ्या लग्नात वापरली. सगळेच वापरतेत."

म्हणजे ह्यांच्या आवाजावरून कुणाची तरी वरात गेली.

कॉम्प्युटरवर कॉपी काढून बघितली त्याने. अर्ध्यावर थांबली. परत लावली, परत तिथेच. चांगला आहे माणूस, पैसे घेतले नाहीत. घरच्या प्लेअरवर चालते तोवर बघून घ्या म्हणाला.

मनूकडे एक कॉपी होती, ती तिच्या आतेसासूबाईंनी बघायला नेली आणि कुठे गेली कुणाला माहीत नाही. फोनवर म्हणाली, अगं आई, अल्बम आहे ना. आहे, म्हटलं.

१३ डिसेंबर

मधली सीडी कपाटात साड्यांखाली ठेवली. पुसायला तिसरी दिली, पंगतींची. दिसायला सारख्याच. ह्यांनी उलटून बघितली, अंगठा फिरवला, उजेडात धरली आणि मला परत दिली. एका बंडीचा माल दुसऱ्या बंडीत घालून ह्यांच्यापुढून कधी कुणाला नेता आला नाही. मी कोण.

मग सांगितलंच. मधली काढली, उन्हात वर्तुळं दाखवली, कापसातली पत्ती दाखवली. आवाज जाईल हो अशाने, म्हटलं. कुठला आवाज ते म्हटलं नाही. ह्यांनी कापूस बोटांत चोळला, चुरा धोतरावर पडला. तो चुरा बघितला. कापूस खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

१९ डिसेंबर

पुसत नाहीत. फडकं नको, कापूस नको. डावा हात धड असून घास मी भरवते.

खरेदी सुरू झाली एकदाची. पडलेला भाव ऐकून आमचा बटईवाला दारात नुसताच उभा राहिला. दिवसभर बंड्या भरल्या. बैलांच्या घंटा अगदी खिडकीशी, पण ह्यांनी मान वळवली नाही. सकाळचा पेपर मी आधी वाचते आणि दडवते. त्यात जीव दिलेल्या शेतकऱ्यांची नावं असतात. ह्यांच्या ओळखीची निघतात.

संध्याकाळी सीडी लावली. ह्यांचे डोळे मिटलेले. "शा" आलं, मग चौकोन, मग एकदम फोटोच. फोटोत मी ह्यांच्या शेजारी उभी. कुणी बोलावलं म्हणून आले, त्याचा पत्ताच नाही.

पुन्हा लावायचा धीर झाला नाही.

२४ डिसेंबर

शाळेत ह्या दिवशी नाताळची गव्हाण मांडायचे. भोवती बर्फ कापसाचा. आम्हा मुलींना आदल्या दिवशी तो निवडायला बसवायचे, काळं काही दिसता कामा नये. नखांत पत्ती जायची, दोन-दोन दिवस निघायची नाही.

समोरची खोली रिकामी. झाडताना कोपऱ्यात मूठभर कापूस राहिलेला दिसला. अंगणात उन्हात बसले, चष्मा लावला, निवडला. सुभद्राने येता-जाता विचारलं, वाती करता का? हो म्हटलं.

ह्यांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढलं. कापूस डाव्या हातात ठेवला. सीडी मी दोन तळव्यांत धरली, कडेने. पुसा, म्हटलं. ह्यांनी मग अंगठ्याने कापूस चोळला. धोतरावर काही पडलं नाही. पुन्हा चोळला. मान हलवली.

गोल गोलच पुसली. मी अडवलं नाही. 

झाल्यावर विचारलं, "ते नाव तुम्ही मुद्दाम घेतलंत, की तोंडातून निघून गेलं?"

माझ्याकडे बघितलं. "हं."

चहा ठेवू का विचारलं. "हं."

लाइन आली आहे. चहा झाला. सीडी कव्हरात, ह्यांच्या मांडीवर, त्यावर डावा हात. लावू का, ते अजून विचारलेलं नाही.